पोच

गणपतीपुळ्याचं दर्शन आटोपलं की बऱ्याच मोटारी मालगुंडात येतात, केशवसुतांचं घर बघायला. त्यातली एखादी रस्ता चुकते आणि माझ्या वर्कशॉपपुढे थांबते. काच खाली होते. "काका, कवींचं स्मारक कुठे?" मी लेथ बंद करतो, हात फडक्याला पुसतो आणि रस्ता दाखवतो. जाता जाता कुणी म्हणतं, "भाग्यवान आहात, कवीच्या गावात राहता." मी मान हलवतो. कवीच्या गावातही शाफ्ट वाकतात, बुश झिजतात, लाँचचा पंखा खडकाला लागतो. ते सरळ करणारा कुणीतरी लागतोच.

तो मी. रत्नागिरीच्या आयटीआयमधून टर्नर होऊन बाहेर पडलो, काही वर्षं कोल्हापूरला उद्यमनगरात लेथवर काढली आणि बाबा थकल्यावर गावी आलो. बाबांची भातगिरण होती. तिच्याच पडवीत वर्कशॉप मांडलं. एक लेथ, एक ड्रिल, वेल्डिंगचा सेट. जयगड, वरवडे, काळबादेवीकडून लाँचवाले कामं आणू लागले. पण शाफ्टला की-वे मारायचा झाला, की काम रत्नागिरीला पाठवावं लागे आणि गिऱ्हाईक तिकडेच राही. म्हणून 2006 साली कर्ज काढून कोल्हापुरातून एक जुनं, छोटं मिलिंग मशीन आणलं. पंजाबातल्या बटाल्याकडचं.

ज्यांनी असं मशीन बघितलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, कारण पुढची सगळी हकीकत त्याच्या तेलावर आहे. लेथवर काम फिरतं आणि हत्यार जागेवर असतं. मिलिंगवर उलट. कटर फिरतो आणि टेबलावर बांधलेलं काम त्याच्याखाली सरकवायचं. टेबल म्हणजे चांगलं दोन-अडीच मण ओतीव लोखंड. ते दुसऱ्या लोखंडावर केसाइतकंही न डगमगता सरकायला हवं. म्हणजे दोन लोखंडांच्या मध्ये सतत तेलाचा पापुद्रा हवा. त्यासाठी मशीनच्या बगलेला लिटरभर तेलाची टाकी असते, तिला पातळी दिसायला काच, आणि एक हँडल. हँडल ओढून सोडायचं. आतली स्प्रिंग दट्ट्याला हळूहळू ढकलते आणि तेल बारीक नळ्यांमधून टेबलाखाली, स्क्रूवर, खालच्या स्लाइडवर जातं. माझ्या मशीनला अशी अकरा टोकं आहेत. एका ओढीत अकरा ठिकाणी तेल. ह्याला वन-शॉट म्हणतात.

हँडल ओढायचं काम वरवड्याच्या एका पोराकडे होतं. त्याचं नाव लिहीत नाही, त्याला ते आवडायचं नाही. दहावीला गणितात राहिलेला, सतरा वर्षांचा, हाताला मात्र चांगला. त्याला सांगून ठेवलं होतं, सकाळी मशीन चालू करण्याआधी दोनदा, जेवणानंतर दोनदा. तो ते करायचा. करताना मी त्याला बघितलंही होतं.

आमच्याकडे पावसाळ्यात मासेमारी बंद असते. लाँचा किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि नारळी पौर्णिमेच्या आधी सगळ्यांनाच सगळं दुरुस्त करून हवं असतं. अशाच एका जुलैत, एका लाँचच्या शाफ्टवर की-वे मारत असताना टेबल अडकायला लागलं. अडकायचं, मग एकदम पुढे उडी मारायचं. थांब-उडी, थांब-उडी. कटरनं गाळा खाल्ला तो नागमोडी. शाफ्ट वाया गेला. टेबल सरकवून खाली बोट फिरवलं, तर स्लाइड कोरडी ठणठणीत आणि तिच्यावर नखाला लागतील असे ओरखडे.

मी पोराकडे वळलो. "हँडल ओढत नव्हतास."

"रोज वढतो, काका. सकाळी दोनदा, जेवल्यावर दोनदा."

"मग तेल गेलं कुठे?"

तो गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "हँडल हल्ली लय सावकाश परत जातंय. मी तुमाला बोललो व्हतो."

बोलला होता. मला आठवलं. मे महिन्यात, दुपारच्या वेळी. मी तेव्हा म्हटलं होतं, "तू ओढायचं काम कर." पण त्या घटकेला मला ते आठवणं परवडणारं नव्हतं. समोर वाया गेलेला शाफ्ट होता, दारात लाँचवाला उभा होता. मी त्याच्यादेखत पोराला बोललो आणि शाफ्टचे पैसे पगारातून कापले. दुसऱ्या दिवशी पोरगा आला नाही. तिसऱ्याही नाही.

आठवड्यानं त्याची आई बाजारात भेटली, मासळीची पाटी घेऊन बसलेली. मी नजर चुकवून पुढे जात होतो. ती मागून म्हणाली, "त्यानं वढलान असंल ओ. माझा पोर कामाला चुकंल, पण खोटा नाय बोलत." मी म्हटलं, "मशीन खोटं बोलत नाही बाई." आणि चालू लागलो. ते वाक्य तेव्हा मला फार बिनतोड वाटलं होतं.

पौर्णिमा झाली, लाँचा समुद्रात गेल्या, वर्कशॉप ओस पडलं. तेव्हा मी मशीन उघडायला घेतलं. आधी टाकी बघितली. काचेतली पातळी वरच्या खुणेला. मी तिथेच उभा राहिलो. ही टाकी मी शेवटची भरली कधी? शिमग्यात. शिमगा ते श्रावण, रोज चार ओढी, आणि टाकी भरलेलीच! ते मला रोज दिसत होतं. दिसत होतं आणि आवडत होतं. मशीन तेल खात नाही, पैसे वाचतायत, असंच मी समजत होतो. पोराच्या विरुद्धचा पुरावा म्हणून मी कोरडी स्लाइड धरली. ती कोरडी का, ह्याचा पुरावा चार महिने माझ्या डोळ्यांसमोर काचेत उभा होता.

मग रीतीनं शोधत गेलो. वन-शॉटचा बिघाड शोधायचा तर सुरुवात हँडलपासून करावी. चांगल्या पंपाचं हँडल सोडल्यावर सावकाश, पण ठरावीक वेळात परत जातं. झटकन गेलं तर समजावं, कुठेतरी नळी फुटली किंवा सुटली, तेलाला मोकळी वाट मिळाली. ते सगळं तिथेच सांडतं आणि बाकीची टोकं उपाशी राहतात. आणि हँडल जाता जाईना झालं, तर पुढे कुठेतरी तुंबलंय. म्हणजे पोरगा मे महिन्यात जे बोलला ते तक्रार नव्हती, ते निदान होतं. चार महिन्यांचं काम त्यानं एका वाक्यात सांगितलं होतं, फक्त त्याला ते निदान आहे हे माहीत नव्हतं आणि मला माहीत असून मी ऐकलं नव्हतं.

चेनपुलीला टांगून टेबल उतरवलं. प्रत्येक नळी टोकाशी सोडली, खाली जुन्या वर्तमानपत्राचे अकरा तुकडे ठेवले, त्यांना आकडे घातले आणि हँडल ओढून बसून राहिलो. चार तुकड्यांवर तेलाचा डाग आला. दोनांवर कसाबसा ओलावा. पाच कोरडे. पंपातली नमद्याची गाळणी काढली तर ती मेणासारखी थिजलेली, नळ्यांत तपकिरी लगदा.

लगदा आला कुठून, हे शोधायला कुठे जावं लागलं नाही. स्लाइडचं तेल वेगळं असतं. दाट, चिकट, लोखंडाला धरून राहणारं. डब्यावर 68 आकडा असतो. ते महाग पडतं आणि आमच्याकडे सहज मिळत नाही. माझ्याकडे लाँचवाल्यांच्या डब्यांत तळाशी राहिलेलं इंजिन ऑइल फुकट जमायचं. मी तेच ओतत होतो. तेल ते तेल! इंजिन ऑइल वाईट नसतं, पण त्याचा धर्म वेगळा. काजळी, घाण, पाणी अंगात धरून ठेवायचं, गाळणीतून फिरत राहायचं आणि ठरलेले तास भरले की बदलून जायचं. माझ्या टाकीत ते फिरत नव्हतं की बदलत नव्हतं. आमची दमट खारी हवा पिऊन ते महिनोन्महिने नळ्यांत बसून राहिलं आणि आंबलं. वर एक नळी चेपलेली निघाली. ती कशी चेपली तेही मला आठवलं. मशीन आणलं त्या दिवशी टेबल उचलताना टॉमी मीच तिच्यावर टेकवली होती.

रॉकेलनं सगळं धुतलं, कॉम्प्रेसरची हवा मारली, चेपलेली नळी बदलली. प्रत्येक नळीच्या टोकाला पेराएवढा पितळी तुकडा असतो, मीटरिंग युनिट. त्यावर आकडा आणि बाण. पंपाजवळच्या टोकाला बारीक वाट, लांबच्या टोकाला मोठी. एरवी जवळचीच टोकं सगळं तेल पिऊन टाकतील आणि लांबच्यापर्यंत काही जायचं नाही. ज्यानं हे बनवलं त्याला वाटणी कळत होती. आमच्या कोकणातल्या वाड्यांना पाण्याच्या नळाची वाटणी अशी करता आली असती तर टाकीखालची वाडी अंगण धुते आणि वरची वाडी हंडा घेऊन उभी, असं झालं नसतं. ही युनिटं तुंबली तर धुवावीत किंवा नवी घालावीत, तारेनं भोक मोठं करू नये. केलं तर वाटणी कायमची बिघडते.

खरं तेल भरलं. नळ्यांत हवा होती, म्हणून पन्नासेक वेळा हँडल ओढलं. मग टेबलाखाली बोट घातलं. बोट ओलं आलं. ओरखडे मात्र राहिले. ते आजही आहेत.

आता प्रश्न असा, चूक कुणाची?

गावातले एक निवृत्त गुरुजी संध्याकाळी पडवीत येऊन बसत. त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "सोपं आहे. त्यानं कर्म केलं. फळ त्याच्या हातात नव्हतं. गीतेत हेच सांगितलंय. तो निर्दोष."

"आणि मी?"

"तूही तुझ्या समजुतीप्रमाणे तेल भरलंस की."

गुरुजी मला सोडवू बघत होते. पण ते मला पटेना. पोराला सोडवणारं वाक्य मलाही सोडवत असेल, तर त्यात काहीतरी चुकतंय. कर्म करावं, फळाची आशा धरू नये, हे आपण लहानपणापासून ऐकतो. ते खोटं नाही. पण त्याआड आपण किती वेळा लपतो! औषध आणून दिलं, म्हाताऱ्यानं घेतलं की नाही ते बघितलं नाही. शिकवून दाखवलं, पोराला कळलं की नाही ते विचारलं नाही. ग्रामसभेत ठराव केला, पुढे काय झालं ते विचारायला कुणी गेलं नाही. हँडल ओढलं, आपलं काम झालं.

मला माझ्या आजीची मनीऑर्डर आठवली. धाकटे काका मुंबईत गिरणीत होते. महिन्याला पैसे धाडायचे. पोस्टमन पैसे देऊन फॉर्मच्या एका तुकड्यावर आजीचा अंगठा घ्यायचा आणि तो तुकडा परत मुंबईला जायचा. त्याला पोच म्हणत. काका सांगायचे, तो निळा अंगठा बघेपर्यंत झोप लागायची नाही. आता ह्यात फळाची आशा कुठे होती? आजीनं त्या पैशांचं काय केलं, हे काकांनी कधी विचारलं नाही. आपलं नाव निघावं, असंही त्यांना नव्हतं. त्यांना एवढंच बघायचं होतं की जे पाठवलं ते जिथे जायचं तिथे गेलं का. फळ वेगळं आणि पोच वेगळी. फळावर आपला हक्क नसेल. पोच बघणं हा कर्माचाच भाग आहे, ती बघितल्याशिवाय कर्म पुरं होत नाही. आपल्या भाषेनं तर ज्याला समज नाही त्याला 'ह्याला पोच नाही' असंच म्हटलंय.

मग पोच कुणी बघायची? ज्याच्या हातात हँडल आहे त्यानं? पोराला टेबलाखाली काय आहे ते मी कधी उघडून दाखवलं नव्हतं. त्याच्या हाताला जेवढं कळत होतं तेवढं त्यानं मला कळवलं. त्याच्या बाजूनं पोच बघायचा तेवढाच मार्ग होता. पुढचं माझं होतं. ज्याला आतली रचना माहीत आहे, तेल निवडायचा अधिकार आहे आणि पगार कापायचाही अधिकार आहे, त्याची जबाबदारी हँडल ओढणाऱ्याएवढीच कशी असेल? पण बिघाड झाला की आपण आधी हँडलवाल्याला धरतो, कारण तो जवळ उभा असतो.

तेल घालणाऱ्याची जागा सगळीकडे अशीच खालची. एलायजा मकॉय नावाचा एक माणूस होऊन गेला. त्याचे आईबाप अमेरिकेतल्या गुलामीतून पळून कॅनडात आलेले. हा स्कॉटलंडला जाऊन इंजिनिअरिंग शिकला आणि अमेरिकेत मिशिगनच्या रेल्वेत नोकरी मागायला गेला. काळ्या माणसाला इंजिनिअरची जागा कोण देणार? त्याला कोळसा टाकायचं आणि तेल घालायचं काम दिलं. तेव्हा तेल घालण्यासाठी गाडी पुन्हा पुन्हा थांबवावी लागे. मकॉयनं चालत्या इंजिनाला आपोआप तेल पोचवणारं भांडं बनवलं आणि 1872 साली त्याचं पेटंट घेतलं. वरच्या माणसांना जे सुचलं नाही ते तेलाचा डबा हातात असलेल्याला सुचलं, कारण तेल कुठे पोचत नाही हे त्याला रोज दिसत होतं.

आणि तो तेलाचा पापुद्रा किती ओझं उचलतो! 1883 साली इंग्लंडात बीचम टॉवर नावाचा इंजिनिअर बेअरिंगवर प्रयोग करत होता. वरून तेल सोडायला त्यानं बेअरिंगला भोक पाडलं, तर शाफ्ट फिरताना तेल आत जाण्याऐवजी भोकातून वर यायला लागलं. त्यानं लाकडी गुडदी ठोकली, तेलानं ती बाहेर फेकली. तेव्हा कळलं की लोखंडाचा भार लोखंडावर नसतोच, तो मधल्या तेलावर असतो. हे वाचलं तेव्हा मला तो पोरगा आठवला. माझं वर्कशॉप माझ्यावर चाललंय असं मी समजत होतो.

बाबांच्या भातगिरणीचं जुनं इंजिन होतं, आडव्या सिलिंडरचं. त्यावर तेलाची काचेची कुपी. तेल थेंबाथेंबानं पडताना दिसायचं. बाबा घड्याळ लावून थेंब मोजायचे. त्याआधी विहिरीवरचा रहाट होता, तो कोरडा पडला की कुरकुरून सगळ्या वाडीला सांगायचा. वन-शॉट सोयीचं आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण सोय झाली तसा थेंब दिसेनासा झाला आणि कुरकुर ऐकू येईनाशी झाली. आता कुरकुर करायला फक्त माणूस उरलाय. तो "हँडल सावकाश परत जातंय" म्हणतो, तेव्हा ऐकायला हवं.

गणपतीआधी मी वरवड्याला गेलो. खिशात कापलेले पैसे होते. पोरगा पडवीत जाळं सांधत बसला होता. मी उभ्याउभ्याच सांगितलं, चूक माझी होती, गाळणी तुंबली होती, तेल मी चुकीचं घातलं होतं. त्याची आई दारात आली. मी तिलाही सांगितलं, "मशीन खोटं बोलत नव्हतं, मीच त्याचं नीट ऐकलं नाही." ती काही बोलली नाही. आत जाऊन तिनं चहा टाकला.

"लाँचवाल्याला बोललाव?" पोरानं विचारलं.

मी त्याच्यापुढे ह्याला बोललो होतो. त्याच्याकडे जायचं मला सुचलं नव्हतं. खरं म्हणजे सुचलं होतं, पण टाळलं होतं. माफीसुद्धा मी जवळच्या टोकापर्यंतच पोचवली होती. तिथून उठून लाँचवाल्याकडे गेलो. तो हसला, म्हणाला, "एवढ्यासाठी आलात?" मी म्हटलं, "हो, एवढ्यासाठीच."

पोरगा परत कामाला आला नाही. रत्नागिरीला मिरकरवाड्यात इंजिनाच्या कामावर लागला आणि आता चांगला मिस्त्री झालाय. मध्ये एकदा बेअरिंग घ्यायला आला होता. मशीनकडे बघून म्हणाला, "काका, टाकी उतरते काय आता?"

"आठवड्याला दोन बोटं."

"मग बरा झाला."

काचेशेजारी मी आता एक पट्टी चिकटवली आहे. दर सोमवारी पातळीला खूण करून तारीख घालायची. नवा पोरगा ते करतो. त्याला मी पहिल्या दिवशी टेबलाखालच्या अकरा नळ्या दाखवल्या आणि सांगितलं, हाताला वेगळं लागलं तर मशीन बंद कर, मग मला बोलव, मी कितीही घाईत असलो तरी. काल तो ओरडला, "काका, टाकी भराया झाली." 68चा डबा महाग झालाय. मी उठलो आणि डबा काढला.